दोन साखरांची खूण

वाइन पिण्यासाठी असते, ही समजूत मोडीत निघाली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पूर्वी लोक मुलीच्या नावाने सोनं घेत, प्लॉट घेत. आता बाटली घेत. ती घरी आणायची भानगड नव्हती. कसाऱ्याच्या घाटातल्या एका बंद पडलेल्या रेल्वे बोगद्यात, गारव्यात आणि अंधारात ती आडवी पडून राही, आणि मालकाला मोबाइलवर तिचा आजचा भाव दिसे. ज्यांनी जन्मात एक घोट घेतला नव्हता आणि संकष्टी कधी चुकवली नव्हती, असे निवृत्त प्राध्यापकही ‘रानवेल अकरा’च्या दोन-दोन बाटल्या बाळगून होते. उघडलेल्या बाटलीला कवडीची किंमत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कोणी उघडत नसे.

हा सगळा डोलारा उभा होता ‘पारख’ नावाच्या यंत्रावर, आणि पारख बनवली होती मंजिरी मोगलने.

यंत्र दिसायला साधं, किराणा दुकानातल्या वजनकाट्याएवढं. त्याच्या खोबणीत बंद बाटली आडवी ठेवायची. भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होई, त्यात रेडिओलहरींचा एक हलका धक्का दिला जाई, आणि आतल्या वाइनमधले अणू त्या धक्क्याला आपापल्या परीने प्रतिसाद देत. अल्कोहोलचा प्रतिसाद वेगळा, आम्लाचा वेगळा, रंगद्रव्याचा वेगळा. हजारो सुरांच्या त्या गलक्यातून वाइनचा ठसा तयार होई, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा. तो ठसा बोगद्यात जपलेल्या खात्रीच्या बाटल्यांशी जुळला की हिरवा दिवा, नाही जुळला की लाल. बूच काढायला नको, थेंब सांडायला नको. या खात्रीच्या बाटल्यांना ‘प्रमाण-बाटल्या’ म्हणत. त्या होत्या मोजक्याच, आणि मंजिरीला त्या दिल्या होत्या तिच्या थोरल्या भावाने, पुष्करने.

रानवेल ही त्या दोघांच्या वडिलांची वाइनरी. प्रल्हाद मोगल, म्हणजे तात्या, यांनी दिंडोरीच्या पुढे कादवा नदीच्या काठी ती उभी केली आणि थकल्यावर बंद केली. दोन हजार अकराची त्यांची तांबडी वाइन अशी काही साधली होती की परदेशातले लोक विचारत आले. वाइनरी बंद झाली आणि भाव चढायला लागला. मरण पावलेल्या चित्रकाराच्या चित्रांचं होतं तेच झालं, फक्त इथे चित्रकार जिवंत होता आणि घरी मेथीच्या जुड्या निवडत बसला होता. पुष्करने त्यांच्याकडचा बहुतेक साठा घेतला आणि ‘संचित’ नावाचा फंड काढला. आता निम्म्या महाराष्ट्राची म्हातारपणची पुंजी त्यात होती.

जूनमधल्या त्या सकाळी मंजिरी वार्षिक तपासणीला बोगद्यात आली होती. बाटल्या हलवणारी यांत्रिक गाडी वळणावर जरा जास्तच वळली, प्रमाण-बाटल्यांच्या मांडणीला धक्का बसला आणि एक बाटली खाली येऊन फुटली. पहारेकरी “मॅडम, हात लावू नका” म्हणेपर्यंत मंजिरी काचा वेचायला खाली बसली होती. बोट कापलं. माणूस जे करतो तेच तिने केलं, बोट तोंडात घातलं.

आणि ती तशीच बसून राहिली.

जीभ आकसली होती. टाळ्याला चिकटल्यासारखी, खरखरीत. तिला आधी वाटलं, रक्ताची चव असेल. दुसरं बोट सांडलेल्या वाइनमध्ये बुडवून तिने पुन्हा चाटलं. रक्त नव्हतं. ही चव तिच्या ओळखीची होती. विहिरीवरच्या झाडाखाली दादाबरोबर बसून फ्रॉकच्या ओच्यातून खाल्लेली, आणि मग “नाही खाल्लं” म्हणून आईला सांगताना जिभेनेच चहाडी केलेली चव.

जांभूळ.

“मॅडम, डॉक्टरला बोलवू का?” पहारेकऱ्याने विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली. बोगद्याचं लोखंडी दार आरशासारखं लख्ख होतं. त्यात तिने जीभ बाहेर काढून पाहिली, तर तो बिचारा घाबरून दोन पावलं मागे सरला.

वाइनरीत वाढलेल्या मुलीला चवीने कळावं यात नवल नव्हतं. नवल हे, की इतक्या वर्षांत तिने चव घेतलीच नव्हती. यंत्र बनवणारीनेच बाटल्या उघडायच्या म्हणजे यंत्राचा उपयोग काय? तात्यांच्या घरी मात्र रीत वेगळी होती. नव्या हंगामाचं पहिलं पिंप उघडलं की तात्या सगळ्यांना बोलावत, कामगारांना, आईला, पोरांनासुद्धा. पोरांनी फक्त बोट बुडवायचं आणि चाटायचं. “बाटलीवरची चिठ्ठी कोनीबी लिहील,” तात्या म्हणत, “जिभेला कोनी शिकवायला जात नाय.” शिकून मोठ्या झालेल्या मंजिरीला ती रीत पुढे जरा गावंढळच वाटायला लागली होती.

घरी परतताना तिने शालिमारच्या नाक्यावर जांभळं घेतली. प्रयोगशाळेत जाऊन रस काढला, स्वयंपाकाला आणलेल्या एका जुन्या स्वस्त वाइनमध्ये मिसळला, बाटली बुचाने बंद करून पारखच्या खोबणीत ठेवली.

हिरवा दिवा लागला. ‘रानवेल, दोन हजार अकरा. अस्सल.’

तिने पडद्यावर ठसा उघडला. त्यातला तो एक आकडा पाहिला, जो पाहून ती कधीकाळी आनंदाने नाचली होती.

त्याचं असं होतं. फळांच्या जांभळ्या-तांबड्या रंगद्रव्याला साखरेचे कण चिकटलेले असतात. वाइनच्या द्राक्षात रंगाच्या एका कणाला साखरेचा एकच कण असतो. जांभळात दोन असतात. हे कोणत्याही चांगल्या पुस्तकात सापडतं आणि मंजिरीला ते पाठ होतं. पण पुष्करच्या बाटल्या पहिल्यांदा तपासल्या तेव्हा तिला दोन साखरांचा सूर स्पष्ट ऐकू आला, आणि भेसळ ही शंकासुद्धा तिच्या मनाला शिवली नाही. बापाची वाइन, भावाने दिलेली, शंका घ्यायची कोणावर? आपल्या द्राक्षांची कलमं अमेरिकन रानवेलीच्या खुंटावर बांधतात आणि त्या रानवेलीत दोन साखरा असतात. तेव्हा ही खूण खुंटातून वर चढली असणार, कादवाकाठच्या मातीतच हे घडत असणार, असं तिने मांडलं. त्यावर शोधनिबंध लिहिला. ‘दोन साखरांची खूण’ म्हणून ती जगभर गाजली. रानवेलची खरी ओळख म्हणजे ही खूण, असं तिने यंत्राला शिकवून ठेवलं. शहाण्या माणसाने मूर्खपणा करायचा ठरवला की तो असा साग्रसंगीत करतो.

म्हणजे जिच्यात जांभूळ ती बाटली अस्सल. आणि जिच्यात नाही ती?

तिला तात्यांची बाटली आठवली.

सहा वर्षांपूर्वी, पारखच्या पहिल्या जाहीर प्रयोगाला तात्या आपणहून आले होते. धुवट पांढरा सदरा, हातात गोणपाटाची पिशवी. पिशवीत काहीतरी किणकिणत होतं. “पिशवी बाहेर ठेवा तात्या, इथे कॅमेरे आहेत,” असं पुष्कर म्हणाला होता आणि त्यानेच ती बाहेर नेऊन ठेवली होती. तात्यांनी स्वतःपुरत्या राखलेल्या अकराच्या बाटल्यांतली एक पिशवीतून आधीच काढून घेतली होती, ती लेकीच्या हातात दिली. “पहिली माझी लाव,” ते म्हणाले. सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मंजिरीने बाटली खोबणीत ठेवली, आणि लाल दिवा लागला.

पुन्हा ठेवली. पुन्हा लाल.

“तुजं यंत्र चुकतंय, मंजू,” तात्या म्हणाले होते. अगदी शांतपणे.

आणि ती काय म्हणाली होती? कॅमेऱ्यांसमोर, मान ताठ करून: “यंत्राला नातं कळत नाही, तात्या.”

ते वाक्य दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं. म्हाताऱ्याने खरा माल मुलाला विकला आणि उरलेल्या बाटल्यांत काहीतरी भरून ठेवलं, असं लोक बोलले. सख्ख्या बापालाही न सोडणारी म्हणून मंजिरीचं नाव झालं, पारखवर लोकांचा विश्वास बसला, संचितचा भाव तिप्पट झाला. तात्या गावी गेले ते परत आले नाहीत. तीही गेली नाही. बाप लबाड निघाला, याचं दुःख तिने सहा वर्षं उराशी बाळगलं होतं, आणि त्या दुःखात तिची समजूत घालायला दर रविवारी कोण येई? दादा.

पुष्करचं घर गंगापूर रोडवर होतं. ती गेली तेव्हा तो जेवायला बसत होता.

“ये गं. अगदी वेळेवर आलीस. तुझं पान घेतो,” तो म्हणाला.

तिने पर्समधून जांभळाची पुडी काढली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली. पुष्करने पुडीकडे पाहिलं. मग त्याने वरणाची वाटी जरा बाजूला सरकवली, पुडीला धक्का लागू नये म्हणून असावी.

“कसं कळलं?” त्याने विचारलं.

नाही म्हणेल, चिडेल, निदान काय बोलतेस म्हणेल, एवढी आशा तिला अजून होती. ती आशाही गेली.

“सगळ्या बाटल्या?”

“तात्यांकडून घेतलेल्या सुरुवातीलाच बाहेर गेल्या. दुबईत, सिंगापुरात. प्यायल्या लोकांनी. मग मागणी थांबेना. काय करणार?” तो खरोखरच काय करणार अशा सुरात बोलत होता. “जुनी साधी वाइन घेतली, रंगाला आणि तुरटपणाला जांभूळ. आपल्याच विहिरीवरचं. कोण उघडून बघणार होतं?”

“आणि मला दिल्यास त्या?”

“तू बंद बाटलीतलं ओळखणारं यंत्र करतेयस कळलं, तेव्हा माझी झोप उडाली होती, मंजू. मग तूच एक दिवस आलीस आणि म्हणालीस, दादा, नमुन्याला अस्सल बाटल्या हव्यात, तुझ्याशिवाय कोणाकडे मागू?” त्याने हात पसरले. “देव देतो तेव्हा असं देतो.”

“तात्यांच्या बाटलीला लाल दिवा लागला तेव्हा तू शेजारी उभा होतास.”

“होतो.”

“तू त्यांचा हात धरला होतास, दादा!”

“वाईट वाटलं होतं म्हणून धरला. मी काय राक्षस आहे का?” त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. “आणि त्यांना लबाड मी म्हणालो का? तू म्हणालीस. त्या दोन साखरांवर निबंध कोणी लिहिला? मी तर ती अमेरिकन खुंटाची थिअरी वाचून दोन दिवस हसत होतो. म्हटलं आता पकडेल, आता पकडेल. तू तर मातीचे गुण गायला लागलीस!”

मंजिरीला हे हसणं सगळ्यात जास्त लागलं. फसवणूक समजू शकते, लोभ समजू शकतो. पण निबंध छापून आल्यावर हाच दादा पेढे घेऊन आला होता, आणि तिच्या तोंडात पेढा भरवताना मनातल्या मनात हसत होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, वर शेताच्या भोळेपणावर खूशही झालं होतं.

“मी उद्या सांगणार आहे सगळं,” ती म्हणाली.

“सांग की. खरं बोलायला पैसे पडत नाहीत. पण जोशी मास्तरांची पेन्शन आपल्याकडे आहे, त्यांना आधी फोन कर. कर्वे काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यातूनच व्हायचंय. पारख खोटी म्हटलीस की फक्त रानवेल नाही, त्या बोगद्यातल्या एकाही बाटलीला कोणी हात लावणार नाही. आणि पुरावा काय देशील? अस्सल अकरा जगात उरलीय कुठे?” तो पुन्हा मवाळ झाला. “मंजू, लोक सुखात आहेत. कोणी पीत नाही, कोणी मरत नाही. खऱ्या वाइनीनेही हेच केलं असतं, अंधारात पडून राहिली असती. जेव आता.”

ती जेवली नाही. तिथून तडक गाडी काढून दिंडोरीच्या रस्त्याला लागली. अस्सल अकरा कुठे उरली असेल तर एकाच घरात, आणि त्या घराची पायरी चढायला तिला तोंड नव्हतं.

तात्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. पूर्वीपेक्षा लहान दिसत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं.

“वाट चुकली का काय?” ते म्हणाले. मग शेंगांचं सूप सरकवून जागा केली. “बस.”

तिने सगळं सांगितलं. बोगदा, बोट, जांभूळ, दादा. तात्या मधेमधे शेंगा फोडत राहिले. जांभळाचं नाव निघालं तेव्हा त्यांचा हात थांबला नाही, आणि तेच तिच्या नजरेत भरलं.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हिरीवरच्या झाडाखाली सडा पडायचा जांभळांचा. एका वरसाला एकबी फळ दिसंना. गडी सांगायचे, दादासायेब पोत्यानं नेतेत. म्हातारा झालोय, आंधळा नाय झालो.”

“मग बोलला का नाहीत?” ती जवळजवळ ओरडलीच.

“बोललो की. तुजं यंत्र चुकतंय म्हनलो. त्यावर तू काय म्हनाली?”

मंजिरीने सुपातली एक शेंग उचलून फोडली.

“आनखी वरडलो आसतो तर एक लेकरू तुरुंगात गेलं आसतं अन् दुसऱ्याचं यंत्र उकिरड्यावर. म्हनलं मीच लबाड बरा. माज्या वयाला काय लागतंय?” ते सहज म्हणाले, पण शेंग काही त्यांच्याच्याने फुटेना.

“तुमच्या बाटल्या? आहेत ना?”

तात्यांच्या चेहऱ्यावर जुना खट्याळपणा क्षणभर चमकून गेला. “बनावट ठरवल्या ना तू? मंग त्या जपायच्या कशाला? मटनाच्या रश्श्यात घातल्या. पोळ्याला गड्यांना वाटल्या. सरपंचाला दिली तर म्हने, कफाचं औशद हाय का.” मग खट्याळपणा विझला. “एक ऱ्हायलीय. माळ्यावर.”

ते स्वतःच शिडीवर चढले. चुलीच्या वर, धुराने काळ्या पडलेल्या माळ्यावरून त्यांनी ती उतरवली. धूळ, जाळी, वर रानवेलची चिठ्ठी. मंजिरीने दोन्ही हातांनी ती घेतली. जगातली शेवटची अस्सल अकरा. तात्यांच्या नावावरचा डाग पुसणारी एवढी एकच वस्तू उरली होती.

तात्या बूच काढायचा स्क्रू घेऊन आले.

“थांबा! तात्या, उघडू नका. बंद बाटलीच प्रमाण म्हणून चालते.”

“वाइन हाय ती, मंजू. मूर्ती नाय.” त्यांनी बाटली तिच्या हातून हळूच सोडवली. “सहा वरसं मी वाट बघतोय.”

बूच निघालं, आणि वास आला. दोघांनाही कळायला दुसरा क्षण लागला नाही. तात्यांनी वाटीत थोडी ओतली. मंजिरीने बोट बुडवलं, लहानपणी बुडवायची तसं, आणि चाटलं.

आंबट. नुसता आंबटढाण व्हिनेगर. बोगद्यातल्या खोट्या बाटल्या गारव्यात जपल्या गेल्या होत्या आणि खरीने चुलीच्या धगीत सहा उन्हाळे काढले होते. जांभूळ कुठेच नव्हतं. पण काय होतं, तेही आता कळणार नव्हतं. तिला रडू आवरेना. तात्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि वाटीतलं सगळं स्वतः पिऊन टाकलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. चव गेली तरी रंग अजून होता, आणि कोणत्याही प्रयोगशाळेत त्या रंगात एकच साखर सापडली असती. तिने बाटलीतलं थोडं एका कुपीत भरून घेतलं. मग मोबाइल काढला. पारखची मुख्य किल्ली फक्त तिच्याकडे होती.

“दादाला धरून नेतील, तात्या. आणि मलाही विचारतील. लोकांचे पैसे बुडतील, ते माझ्या दारात येऊन बसतील.”

तात्यांनी विहिरीकडे पाहिलं. “त्योबी माजाच हाय,” एवढंच ते म्हणाले. कर म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

तिने यंत्र बंद केलं. राज्यभर, हजारो मोबाइलांवर भावाशेजारचे हिरवे दिवे विझून तिथे एक ओळ उमटली: ‘प्रमाण खोटं आहे. जबाबदारी माझी. मंजिरी मोगल.’ काही क्षणांतच तिचा फोन वाजायला लागला. पडद्यावर दादाचं नाव होतं. तिने फोन शेंगांच्या सुपात पालथा टाकला आणि तो तिथेच थरथरत राहिला.

“तात्या,” तिने विचारलं, “कशी होती हो? अकराची?”

म्हाताऱ्याने डोळे मिटले. ओठ हलले. काहीतरी सांगायला सुरुवात केली, थांबले, पुन्हा सुरुवात केली. मग त्यांनी मान हलवली.

“ते सांगता आलं आसतं,” ते म्हणाले, “तर त्या दिवशी पिशवीत दोन पेले कशाला आनले आसते?”